एक जुलैचे दोन कायदे

(दोडामार्ग येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



समान नागरी कायद्याची चर्चा निघाली की गोव्याचं उदाहरण हमखास दिलं जातं. दोडामार्गातल्या माणसाला गोवा काही लांब नाही. बाजार, दवाखाना, नोकरी, कशासाठी ना कशासाठी आपण ती हद्द ओलांडतोच. गोव्याच्या त्या कायद्याचं मूळ पोर्तुगालच्या नागरी संहितेत आहे. तिला मंजुरी मिळाली 1 जुलै 1867 रोजी. त्याच दिवशी पोर्तुगालमध्ये आणखी एक कायदा झाला, त्याची आठवण मात्र कुणी काढत नाही. त्या कायद्याने खुनासारख्या गुन्ह्यांसाठीचा देहदंड रद्द केला.

राजकीय गुन्ह्यांची फाशी तिथे 1852 मध्येच गेली होती. 1870 मध्ये ही बंदी वसाहतींना, म्हणजे गोव्यालाही लागू झाली. लष्करी गुन्ह्यांचं प्रकरण रेंगाळलं, पण 1976 च्या संविधानाने देहदंड पूर्णपणे संपवला.

याचा अर्थ पोर्तुगीज दयाळू होते असा नाही. 15 ऑगस्ट 1955 ला त्यांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. मोहन रानडे यांना 26 वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालच्या तुरुंगात ठेवलं. ते 1969 मध्ये सुटून परत आले. शिक्षा कितीही लांबलचक असली तरी माणूस परत येऊ शकतो. फाशीनंतर येत नाही.

1961 मध्ये गोवा मुक्त झाला. पोर्तुगीज नागरी कायदा आपण तिथे चालू ठेवला. फौजदारी कायदा मात्र भारताचा लागू झाला आणि त्याच्यासोबत फाशी परत आली.

मी सॉफ्टवेअरचं काम करतो. आमच्याकडे नवा बदल लागू करताना मागे फिरायची सोय ठेवतात, कारण चूक होणार हे धरूनच चालतात. न्यायालयातही माणसंच असतात. महाराष्ट्रातल्या एका खटल्यात भटक्या समाजातल्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये फाशी ठोठावली. त्याच न्यायालयाने 2019 मध्ये सहाही जणांना निर्दोष ठरवलं आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. घेणारे जिवंत होते म्हणून भरपाईला अर्थ होता.

विधी आयोगाने 2015 मध्ये दहशतवाद आणि देशाविरुद्धचं युद्ध वगळता बाकी गुन्ह्यांची फाशी रद्द करावी, अशी शिफारस केली. पण अक्षरधाम हल्ल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सहा जणांना निर्दोष सोडलं, त्यातल्या तिघांना आधी फाशी झाली होती. लोकांचा राग जिथे सर्वांत जास्त असतो, तिथेच चूक होण्याचा धोकाही जास्त असतो.

कुणी विचारेल, आपल्याकडे किसास आहे, त्याचं काय? आहे. पण कुराणाने त्याच्या जोडीलाच मृताच्या वारसांना माफीची वाटही ठेवली आहे. तुर्कस्तान आणि सेनेगलने 2004 मध्ये, उझबेकिस्तानने 2008 मध्ये देहदंड बंद केला. म्हणून तिथल्या लोकांचा इस्लाम कमी झाला का?

आता आपल्या कसोटीचा प्रश्न. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. पाच किंवा अधिक जणांनी जात, समुदाय अशा कारणावरून खून केला, तर तिच्यात जन्मठेप किंवा फाशी आहे. झुंडीने मारलेल्यांच्या घरचं दुःख आपल्याला ठाऊक आहे. तरीही त्या झुंडीतल्या माणसाला फाशी नको, असं आपल्याला म्हणता आलं पाहिजे. नाहीतर आपला विरोध फक्त आपल्या माणसांपुरता उरतो. आपण मागायचं ते हे: गुन्हा वेळेत नोंदवा, साक्षीदारांना संरक्षण द्या, खटला रखडवू नका आणि दोषीला शिक्षा होऊ द्या.

यापुढे कुणी गोव्याच्या नागरी कायद्याचा दाखला दिला की नीट ऐकून घ्या. बायकांना समान हक्क मिळत असतील तर त्या चर्चेला घाबरायचं कारण नाही. फक्त एवढं विचारा: त्याच दिवशीचा दुसरा कायदा आपण का सोडून दिला?