हेलिकॉप्टरचा अपघात आणि वैमानिकाचे प्राण

ब्रिटिशांच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्यें शिकत असतां, १९१७ सालीं, ह्यू डी हेवन या अमेरिकन तरुणाचें विमान दुसऱ्या विमानाशीं टकरून खालीं आलें. डी हेवन वांचला. परंतु पोटांतील इंद्रियांना जबर इजा झाली. ती इजा जमिनीनें नव्हे, तर आपल्याच कमरपट्ट्याच्या बकलानें केली, अशी त्याची खात्री पटली. अशा प्रसंगांतून वांचणें हा त्या काळीं निव्वळ दैवाचा खेळ मानला जाई. डी हेवनला तें मान्य होईना. ५० ते १५० फुटांवरून पडूनहि जिवंत राहिलेल्या माणसांचा अभ्यास त्यानें १९४२ सालीं प्रसिद्ध केला. भुसभुशीत माती दबते, पत्रा वांकतो, आणि तेवढ्यानें देहाला थांबावयास कांहीं इंच अधिक मिळतात. जीव वांचतो तो त्या इंचांमुळें.

हे इंच मिळवून देणें हेंच पुढें हेलिकॉप्टर बांधणारांचें एक काम होऊन बसलें. उंचावर इंजिन बंद पडलें, तर खालून येणाऱ्या वाऱ्यानें पंखे फिरत राहतात आणि कुशल वैमानिक यंत्र सुखरूप उतरवूं शकतो. परंतु झाडांच्या शेंड्यांलगत उडतांना तेवढा अवधि कोठला? यंत्र पोटावर आदळतें. आघात थेट पाठीच्या कण्यांत शिरतो, डोक्यावर गिअरपेटीचा व पंख्यांचा बोजा असतो, आणि जवळच इंधन.

व्हिएटनामच्या युद्धांत या सर्वांत आग अधिक क्रूर ठरली. ‘ह्यूई’ हेलिकॉप्टरांतील कित्येक सैनिक आदळण्यांतून वांचले आणि मग जळून मेले. अखेर १९७० पासून अमेरिकन सैन्यानें टाक्या बदलल्या. नवी टाकी सहसा न फाटणाऱ्या चिवट रबरी कापडाची होती. नळ्यांचे सांधे मुद्दामच कमजोर ठेवले होते. ओढ बसतांच ते ठरलेल्या जागीं तुटावेत आणि तुटतांच दोन्हीं तोंडें आपोआप मिटावीं. अन्यथा वांचण्याजोग्या अपघातांत जळून मरणें यामुळें जवळजवळ थांबलें. यांत नवी विद्या कोणती? कांहींच नाहीं; खर्च आणि थोडें वजन सोसण्याची तयारी मात्र हवी होती.

त्याच सैन्यानें १९६७ सालीं अपघातांतून वांचविणाऱ्या रचनेचा एक मार्गदर्शक ग्रंथ काढला होता. १९७४ सालीं प्रथम उडालेलें ‘ब्लॅक हॉक’ हें त्या विचारसरणीचें अपत्य होय. सेकंदाला ४२ फूट वेगानें यंत्र खालीं आलें, तरी आंतील माणसें वांचावीं, असें मान त्याच वर्षीं ठरविण्यांत आलें. हा वेग सुमारें २७ फुटांवरून पडण्याचा आहे. तो ४ इंचांत थांबला, तर देहावर त्याच्या वजनाच्या सरासरी ८० पट भार येतो. ३ फुटांत थांबला, तर अवघा ९ पट.

हें अंतर तिघे वांटून घेतात. प्रथम चाकांचे तेलभरले दांडे दबतात, मग यंत्राचें पोट चेंगरतें, आणि शेवटीं वैमानिकाचें आसन आपल्या मार्गांवरून फूटभर किंवा अधिक खालीं सरकतें. भार वजनाच्या सुमारें साडेचौदा पटींवर गेला कीं तें सरकूं लागतें. कांहीं आसनांत धातूची नळी सदऱ्याच्या बाहीसारखी आंतून बाहेर उलटते. येथें स्प्रिंग चालणार नाहीं, कारण स्प्रिंग घेतलेला धक्का परत करते. उलटलेली नळी तो गिळून टाकते. अर्थात् ती एकदांच उपयोगी पडते! आणि अशा आसनाखालीं कोणी आपली पिशवी सरकवून ठेवली, तर ही सारी योजना फुकट जाते. म्हणून ती जागा मोकळी ठेवण्याची सक्त ताकीद असते.

सैन्यानें जें १९७० सालीं केलें, तें नागरी हेलिकॉप्टरांपर्यंत पोंचावयास फार काळ गेला. अमेरिकेंत १९९४ सालीं सुरक्षित टाकीचा नियम झाला. परंतु तो केवळ नव्या नमुन्यांना लागू होता. जुन्या नमुन्याचें यंत्र नव्यानें बांधलें, तरी त्याला जुनीच टाकी चालत असे. २०१५ सालीं कोलोरॅडोंतील फ्रिस्को येथें रुग्णवाहक हेलिकॉप्टर पडून पेटलें व वैमानिक दगावला, तेव्हां या पळवाटेकडे लोकांचें लक्ष वेधलें. २०१८ च्या कायद्यानें ती बंद केली. ५ एप्रिल २०२० नंतर तेथें बांधलेल्या प्रत्येक नव्या हेलिकॉप्टरला तशी टाकी सक्तीची झाली. त्यापूर्वीं बांधलेल्या यंत्रांना मात्र ही सक्ती लागू नाहीं.