उठाबशा की पोतं?
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपलं भवितव्य' असा विषय दिला होता. त्यावर बोलणारे रोज टीव्हीवर दिसतात, शिवाय दिवसभर त्याच कामात असते मी. म्हणून विषय बदलून घेतला. काल संध्याकाळपासून आपण सगळे भेटतोय. मुलांच्या ॲडमिशन पहिल्या दहा मिनिटांत संपल्या आणि नंतर सगळ्यांच्या गप्पा कंबर आणि गुडघ्यांवर आल्या. एकाने खिशातून कमरेचा पट्टा काढून दाखवला. तेव्हा मी आज दोन व्यायामांबद्दल बोलणार आहे, स्क्वाट आणि डेडलिफ्ट. दोन्ही आपल्याला जुन्या नावांनी माहीत आहेत. स्क्वाट म्हणजे उठाबशा. त्या या शाळेत कोणी काढल्या नाहीत, असं निदान 'ब' तुकडीतल्यांनी तरी म्हणू नये. आणि डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरचं पोतं उचलणं. बस्स.

जिममध्ये नव्याने जाणारा प्रत्येकजण विचारतो, यातलं जास्त चांगलं कुठलं? मीही आठ वर्षांपूर्वी हाच प्रश्न घेऊन गेले होते. उत्तर द्यायला आधी दोन्हींत नेमका फरक काय हे बघावं लागतं, आणि त्यासाठी आपल्याला सातवीतली तरफ पुरते. विज्ञानाच्या बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत, म्हणून जपून बोलते. टेकू, भार, बल. कात्री पहिल्या प्रकारची, अडकित्ता दुसऱ्या, चिमटा तिसऱ्या.

आता वाकून काहीतरी उचलणाऱ्या माणसाची कंबर डोळ्यांपुढे आणा. मणक्यांमधली चकती हा टेकू. पुढे हातात भार. आणि मागे, मणक्याला चिकटून पाठीचे स्नायू, ते बल लावणार. टेकू मध्ये, म्हणजे पहिल्या प्रकारची तरफ. फक्त ही कात्री फार वाईट मापाची आहे. पाठीचे स्नायू टेकूपासून जेमतेम पाच सेंटिमीटरवर आहेत. भार तीस सेंटिमीटर पुढे असेल तर स्नायूंना त्याच्या सहापट ओढावं लागतं. तोच भार साठ सेंटिमीटर पुढे गेला तर बारापट. वरच्या धडाचं स्वतःचं वजन वेगळंच. भरलेला गॅस सिलिंडर आपण सगळे उचलतो. आत १४.२ किलो गॅस, टाकीचं लोखंड धरून साधारण तीस किलो. तो पायांशी ओढून उचलला तर एक गोष्ट आणि ओट्याखालून हात लांब करून खेचला तर दुसरीच. वजन तेवढंच, अंतर बदललं. कंबर किलो मोजत नाही, किलो गुणिले अंतर मोजते.

डेडलिफ्टमध्ये नेमकं हेच शिकवतात. बार पावलाच्या मध्यावर, नडगीला जवळजवळ चिकटलेला. गुडघे थोडे वाकलेले, कुल्ले मागे, पाठ फळीसारखी सरळ. सरळ म्हणजे उभी नव्हे, तिरकी पण न वाकलेली. मग पायांनी जमीन खाली ढकलायची आणि कुल्ले पुढे आणत उभं राहायचं. वाकायचं ते खुब्यातून, कमरेतून नाही. वाडीतल्या भातलावणीला वाकणाऱ्या बायका पाहिल्या असतील तर त्यांतल्या तरबेज बाईची पाठ आठवा. मांड्यांची मागची बाजू, कुल्ले, पूर्ण पाठ आणि हातांची पकड, सगळं यात कामाला लागतं. गुडघ्यांवर त्या मानाने कमी.

स्क्वाटमध्ये बार खांद्यांच्या मागे, मानेखालच्या मांसल भागावर असतो. भार पाठीवरच असल्याने हातांच्या पकडीचा प्रश्नच नाही. खाली बसायचं आणि उठायचं. इथे ताण खुबा आणि गुडघा यांच्यात वाटला जातो आणि मांड्यांच्या पुढच्या स्नायूंना खरं काम पडतं. गुडघा पायाच्या बोटांपुढे जाता कामा नये, असं पुष्कळ ट्रेनर दटावून सांगतात. ते मला पटत नाही. गुडघा जबरदस्तीने मागे रोखला की तोल राखायला धड पुढे झुकतं आणि तो भार कमरेकडे जातो. जिना उतरताना प्रत्येकाचा गुडघा बोटांपुढे जातोच की. टाच जमिनीवर टेकलेली राहणं महत्त्वाचं.

आणखी एक फरक आहे आणि इंजिनिअर म्हणून मला तो सगळ्यात आवडतो. स्क्वाटची सुरुवात खाली जाण्याने होते. खाली जाताना स्नायू ताणले जातात, ताणलेल्या रबराप्रमाणे थोडी ऊर्जा साठते आणि वर येताना तिची मदत होते. डेडलिफ्टमध्ये असली काही उधारी मिळत नाही. वजन जमिनीवर निपचित पडलेलं, म्हणून तर नाव डेड. पहिल्या क्षणी सगळा जोर शून्यातून काढायचा. तरीही बहुतेक माणसं स्क्वाटपेक्षा डेडलिफ्टमध्ये जास्त वजन उचलतात, कारण गुडघे तेवढे खोल वाकवावे लागत नाहीत आणि बारला कापावं लागणारं अंतरही कमी असतं. ब्रिटनच्या एडी हॉलने २०१६ साली ५०० किलो उचलले, ते डेडलिफ्टमध्येच. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत स्क्वाट पहिला, बेंच प्रेस दुसरा आणि डेडलिफ्ट शेवटी. स्क्वाटमध्ये खुब्याची घडी गुडघ्याच्या वरच्या पातळीखाली गेली नाही तर पंच लाल दिवा दाखवतात. आपल्या पीटीच्या सरांचा नियमही हाच होता, फक्त दिव्याऐवजी छडी होती. सर हसतायत, म्हणजे आठवतंय.

साधनांबद्दल एक कामाची गोष्ट सांगते, कारण आपल्या गावाकडच्या जिममध्ये ती हमखास चुकते. स्पर्धेच्या मोठ्या चकत्यांचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो. त्या लावल्या की बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटर उंच राहतो, म्हणजे नडगीच्या मधोमध. पण नवीन माणसाला ट्रेनर पाच-दहा किलोच्या लहान लोखंडी चकत्या लावून देतो. वजन हलकं झालं खरं, पण बार आला घोट्याशी. आता तिथपर्यंत पोचायला पाठ वाकवावीच लागते. हलक्या वजनाने कंबर धरते ती अशी. उपाय फुकटचा आहे, चकत्यांखाली दोन लाकडी ठोकळे किंवा विटा ठेवायच्या. ट्रेनर हसला तर हसू द्यायचं. आणि हो, जिममध्ये हाताला लावतात तो खडू शाळेचा नसतो, मॅग्नेशियम कार्बोनेटचा असतो. आपला फळ्याचा खडू जिप्समचा. इथून चोरून नेऊ नका.

सुरक्षिततेत दोघांचे स्वभाव अगदी उलटे आहेत. डेडलिफ्ट जमली नाही तर बार खाली सोडून द्यायचा, विषय संपला. स्क्वाटमध्ये खाली अडकलात तर वजन तुमच्या पाठीवर असतं. म्हणून रॅकच्या आडव्या सळ्या योग्य उंचीवर लावल्याशिवाय स्क्वाट करू नये, एकट्याने तर नाहीच. दुसरीकडे, स्क्वाटमध्ये चूक झाली तर ती समोरच्याला आरशात दिसते. डेडलिफ्टमध्ये पाठ गोल झालेली स्वतःला कळतच नाही, मोबाईलवर बाजूने चित्रण करून बघावं लागतं. ज्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारून सुरू करावं, कारण दोन्हींत श्वास कोंडून पोट घट्ट करतात आणि तेवढ्या क्षणापुरता दाब बराच चढतो.

आता मैत्रिणींसाठी. 'बाईने जड उचलू नये' हे आपण प्रत्येकीने ऐकलंय. गंमत अशी की हे सांगणाऱ्याच घरांत पाण्याचे हंडे बाईच उचलायची. २००० साली सिडनीला कर्णम मल्लेश्वरीने ६९ किलो गटात स्नॅचमध्ये ११० आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३० किलो उचलून कांस्यपदक मिळवलं, ऑलिंपिक पदक मिळवणारी पहिली भारतीय स्त्री. आम्ही तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. त्या दोन्ही प्रकारांत आधी बार जमिनीवरून ओढायचा असतो आणि मग त्याखाली बसून उठायचं असतं. म्हणजे आपले दोन्ही व्यायाम एकाच उडीत. आपल्याला तिथवर जायचं नाही. पण आपल्यापैकी बहुतेकींची पाळी जायच्या बेतात आहे किंवा गेली आहे, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत हाडं झपाट्याने विरळ होतात. ऑस्ट्रेलियात ग्रिफिथ विद्यापीठाच्या संशोधकांनी पाळी गेलेल्या, हाडं आधीच विरळ झालेल्या १०१ स्त्रियांवर लिफ्टमोर नावाची चाचणी केली. एका गटाने देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, आठ महिने स्क्वाट, डेडलिफ्ट, डोक्यावर वजन उचलणं आणि उड्या असं केलं. वजनं हलकी नव्हती, झेपेल त्याच्या ८५ टक्क्यांवर. दुसऱ्या गटाने घरी हलका व्यायाम केला. पहिल्या गटाच्या कमरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली, दुसऱ्या गटाची १.२ टक्क्यांनी घटली. आकडे लहान वाटतील. पण त्या वयात घनता वाढणं हीच मोठी गोष्ट आहे, आपण तर ती घसरणारच असं धरून चालतो.

मग चांगलं कुठलं? माझं उत्तर वयाप्रमाणे बदलतं. माझी आई ७७ वर्षांची आहे. तिची पिढी विळीवर उकिडवी बसून भाजी चिरायची, जमिनीवर पंगतीत जेवायची, दिवसातून पन्नासदा बसायची-उठायची. ओटा आला, डायनिंग टेबल आलं, कमोड आला, आणि सोयीसोबत ती उठबस गेली. आज आई खुर्चीतून उठताना हाताने दांडी शोधते. फिजिओथेरपिस्ट वृद्धांना हात न लावता तीस सेकंदांत किती वेळा खुर्चीतून उठता येतं हे मोजतात, ते उगाच नाही. स्वतःहून उठता येणं म्हणजे संडासाला एकट्याने जाता येणं. आईसाठी म्हणून स्क्वाटच. बार नाही, काही नाही, खुर्चीवर बसणं आणि उठणं, सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा. खुर्चीवर आधी दोन उशा होत्या, आता एक आहे.

आपल्या वयाच्या, दिवसाचे दहा तास खुर्चीत घालवणाऱ्यांना मात्र मी आधी डेडलिफ्ट शिकायला सांगेन. याबद्दल माझ्या ट्रेनरचं माझ्याशी पटत नाही, तो म्हणतो आधी स्क्वाट. पण आपली भीती कमरेची आहे, आणि कमरेला न वाकवता वाकायचं कसं हे डेडलिफ्टच शिकवते. शिवाय आपण आता ज्या टप्प्यावर आहोत तिथे उचलायचं ओझं बारचं नसतं. गेल्या वर्षी बाबा रात्री पलंगावरून घसरले. जमिनीवर बसलेला साठ-पासष्ट किलोंचा माणूस, तोही घाबरलेला, त्याला धरायला मूठ नसते. मी त्यांच्या मागे गेले, त्यांच्या काखांखालून हात घालून छातीशी घट्ट जवळ घेतलं, पाठ सरळ ठेवली आणि आधी पलंगाला टेकवून, मग वर घेतलं. आई नुसती उशी धरून उभी होती. शेजाऱ्यांना हाक मारावी लागली नाही. बाबांनी नंतर विचारलं, 'तुझ्या जिमची फी किती गं?' त्या महिन्यापासून ती तेच भरतात. आपल्यापैकी पुष्कळांचे आई-वडील ऐंशीच्या आसपास आहेत, तेव्हा ही वेळ कोणावरही येईल.

जमेल त्यांनी दोन्ही करावं, हे उघड आहे. मी आठवड्यातून दोनदा स्क्वाट आणि एकदा डेडलिफ्ट करते, कारण जड डेडलिफ्टनंतर माझं अंग सावरायला जास्त दिवस घेतं. ज्यांचे हात लांब आहेत त्यांना डेडलिफ्ट सोपी जाईल, ज्यांच्या मांड्या लांब आहेत त्यांना स्क्वाटमध्ये जास्त पुढे झुकावं लागेल. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, ती शरीराची भूमिती आहे. भूमितीचे सरही इथे आहेत, त्यांनी दुजोरा द्यावा.

उद्या सकाळी सात वाजता मैदानावर कवायतीच्या काठ्या काढून ठेवायला सांगितलं आहे. काठी पाठीवर उभी धरायची, डोकं, दोन खांद्यांमधली जागा आणि माकडहाड अशा तीन ठिकाणी ती टेकली पाहिजे. मग कुल्ले मागे नेत वाकायचं. काठी तिन्हींपैकी कुठेही सुटली नाही तर तुम्हाला डेडलिफ्टचं वाकणं जमलं, वजन पुढे कधीही लावता येईल. गुडघ्याचं किंवा मणक्याचं ऑपरेशन झालेल्यांनी मला आधी येऊन सांगावं. चहा-पोहे आठ वाजता आहेत.