वाफेला मोकळी वाट



या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिले आहे. अध्यक्षाने धंद्याच्या आजच्या अडचणींवर बोलावे, असा रिवाज आहे. मी मात्र वाफेच्या रेल्वे इंजिनाच्या व्हॉल्व्हबद्दल बोलणार आहे. कोल्हापूर संस्थानाच्या मालकीची मिरज–कोल्हापूर मीटरगेज रेल्वे 1891 मध्ये सुरू झाली आणि पुढची कित्येक दशके या गावाचा माल आणि माणसे वाफेनेच ओढली. ती इंजिने गेली; पण ती सुधारताना जगभरच्या अभियंत्यांनी जो वाद घातला, त्याचा निकाल आपल्या धंद्याला आजही लागू आहे. माझे म्हणणे एवढेच, की इंजिनाची ताकद व्हॉल्व्ह कोणत्या जातीचा आहे यापेक्षा तो वाट किती मोकळी करतो आणि ती वाट पुढे किती सरळ आहे, यावर जास्त ठरते.

प्रश्न मुळात वेळेचा आहे. स्वातंत्र्यानंतर आपल्या मीटरगेजसाठी आलेल्या वायपी इंजिनाची चालकचाके सुमारे 1,370 मिलिमीटर व्यासाची. ताशी 75 किलोमीटर वेगाला ती मिनिटाला जवळजवळ 290 फेरे घेतात. पिस्टनच्या धावेच्या 20 टक्क्यांवर वाफ तोडायची (म्हणजे कट-ऑफ) ठरवली, तर सिलिंडर भरायला सेकंदाचे जेमतेम तीन शतांश मिळतात. तेवढ्यात वाफ आत येण्याचे द्वार पुरेसे उघडले नाही, तर वाफेची गळचेपी होते आणि बॉयलरमध्ये कोळसा जाळून मिळवलेला दाब पिस्टनपर्यंत पोहोचण्याआधीच वाया जातो. वापरलेली वाफ बाहेर पडताना अडली, तर पिस्टनला तिच्याविरुद्ध झगडावे लागते. ड्रायव्हर मग जास्त वाफ आत घेतो. तिच्या प्रसरणाचा फायदा बुडतो आणि कोळशाचा खप वाढतो. यावर उपाय भूमितीत आहे. व्हॉल्व्हची धाव आणि लॅप, म्हणजे मध्यस्थितीत द्वारावर येणारी व्हॉल्व्हची जादा लांबी, दोन्ही वाढवली की वाफ तितकीच लवकर तोडूनही द्वार अधिक रुंद उघडते.

याचा पुरावा कागदावरचा नाही, रुळांवरचा आहे. 1925 मध्ये ब्रिटनमध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे ‘पेंडेनिस कॅसल’ इंजिन लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेच्या मार्गावर तुलनेसाठी चालवले गेले. त्या रेल्वेची, नायजेल ग्रेस्ली यांनी रचलेली पॅसिफिक जातीची इंजिने त्याच्याहून मोठी होती, तरी कोळसा त्यांनाच जास्त लागला. यावर आक्षेप येतो, की कॅसलच्या बॉयलरचा दाब 225 पौंड होता आणि ग्रेस्लींचा 180, म्हणजे श्रेय दाबाचे. आक्षेप रास्त आहे, पण त्याचे उत्तर 1927 मध्ये मिळाले. ग्रेस्लींच्या एका इंजिनात दाब 180 पौंडच ठेवून लॅप सव्वा इंचावरून एक पूर्णांक पाच अष्टमांश इंचावर नेला आणि धावही सुमारे सव्वा इंचाने वाढवली. मैलामागे 50 पौंडांच्या घरात असलेला कोळसा 39 पौंडांच्या आसपास आला. किलोमीटरमागे तीन किलोची ही बचत केवळ मोजमापे बदलून झाली. जास्त धावेने झीज वाढते, ही त्या काळची भीती होती. पण वाफ न गळू देणारी अरुंद कडी वापरल्यावर तिच्यात फारसा दम उरला नाही.

दुसरा आक्षेप कोल्हापूरच्या आपल्या उद्यमनगरातल्या कारखान्यांतूनच येईल. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्या पिढीने या गावाला यंत्रांचा नाद लावला आणि इथल्या ऑइल इंजिनांनी पॉपेट व्हॉल्व्ह घराघरांत नेला. तो झटकन उघडतो, घासत नाही, आत घेणे आणि बाहेर सोडणे स्वतंत्रपणे साधतो. मग रेल्वे इंजिनाला तोच का नको? ऑइल इंजिन जवळपास एकाच वेगाने, एकाच दिशेने फिरते, म्हणून त्याचा कॅम कायमचा ठरवता येतो. रेल्वे इंजिनाला चढावर एक कट-ऑफ लागतो आणि सपाटीवर दुसरा, शिवाय उलटेही धावावे लागते. कॅमची पेटी तेवढी गुंतागुंतीची होते. तरी ती यशस्वी झाली, हे मान्य केले पाहिजे. 1954 च्या ‘ड्यूक ऑफ ग्लॉस्टर’ या ब्रिटिश इंजिनात कॅप्रोटी पॉपेट व्हॉल्व्ह होते आणि चाचण्यांत त्याच्या सिलिंडरांनी वाफेचा वापर अत्यंत काटकसरीने केला. पण बॉयलरला हवा आणि ओढ कमी पडली, इंजिन बदनाम झाले आणि तसे दुसरे बांधले गेले नाही. पुढे हौशी मंडळींनी ते दुरुस्त केले, तेव्हा दोष धुराड्यात आणि हवेच्या वाटांत सापडला. फ्रान्सच्या आंद्रे शाप्लाँ यांनी 1929 मध्ये एका जुन्या पॅसिफिकची ताकद सुमारे 2,000 वरून 3,000 अश्वशक्तीवर नेली. त्यात पॉपेट व्हॉल्व्ह होते, हे खरे. पण त्यासोबत वाफेचे मार्ग रुंद केलेले होते, वाफ जास्त तापवलेली होती आणि धुराड्याची रचना नवी होती. पुढे 1946 च्या आपल्या मोठ्या इंजिनात त्यांनीच दुहेरी द्वारांचे पिस्टन व्हॉल्व्ह वापरले. त्यांचा आग्रह व्हॉल्व्हच्या जातीचा नव्हता, मोकळ्या वाटेचा होता.

म्हणून ब्रॉडगेजच्या डब्ल्यूपी आणि मीटरगेजच्या वायपी इंजिनांसाठी आपल्या रेल्वेने व्हॉल्व्ह चालवणारी, बाहेरून दिसणारी वॉलशार्ट्स रचना आणि पिस्टन व्हॉल्व्ह निवडले, तो निर्णय मला मागासलेला वाटत नाही. कोळसा राखेचा, शेड दूरदूर आणि फिटरच्या हाती साधी हत्यारे असताना, ज्याचे सेटिंग उभ्या उभ्या तपासता येते तोच व्हॉल्व्ह वर्षानुवर्षे चोख चालतो. चाचणीगृहात दोन टक्के वाचवणारी आणि सहा महिन्यांत बिघडणारी रचना अखेर महागच पडते.

आपल्यासाठी यातला धडा असा, की वाफेच्या या वाटा सिलिंडरच्या ओतीव लोखंडात असतात आणि त्यांना आकार देतो तो कोअर, म्हणजे साच्यात बसवलेला वाळूचा गाभा. आज आपण ओततो त्या सिलिंडर हेडमध्येही हवा तशाच वाटांनी जाते. कोअर जरा सरकला, जोडाची धार तशीच राहिली, तर उत्तम व्हॉल्व्हचेही काम बिघडते; आणि हा दोष बाहेरून मोजमाप घेऊन कळत नाही. तेव्हा पॅटर्न बनण्याआधी डिझायनरने कोअरशॉपमधल्या मोल्डरसमोर बसावे आणि हेडच्या द्वारांतून हवा किती वाहते, याची चाचणी तपासणीचा नेहमीचा भाग व्हावी, असे दोन ठराव मी या परिषदेपुढे ठेवतो. दोन्हींना लागणारा खर्च थोडा आहे; लागते ती दोन विभागांमधली भिंत काढण्याची तयारी. त्यावर आपण मोकळेपणाने चर्चा करावी, ही विनंती.