खेळाचा लॅपटॉप घेण्यापूर्वीं

ज्याचें सारें आयुष्य खडू आणि फळा यांच्या संगतींत गेलें, त्या मनुष्यानें गेमिंग लॅपटॉपवर भाषण करावें, याचें आपणांस नवल वाटेल. मलाही तें वाटतें. परंतु २०२५ च्या पावसाळ्यांत हा विषय आपण होऊन माझ्या उंबरठ्याशीं आला. माझा नातू बारावी होऊन नागपुरास वास्तुकलेच्या महाविद्यालयांत जावयास निघाला होता, आणि माझी एक मुदतठेव त्याच सुमारास पुरी होत होती. या दोन गोष्टींचा संबंध माझ्या आधीं त्यानें जोडला.

नकाशे काढावयास यंत्र हवें, असें तो म्हणाला. खेळांचें नांव त्यानें काढलें नाहीं. ३६ वर्षें मुलें शिकविल्यावर न उच्चारलेला शब्दही मास्तराच्या कानीं पडतो. पण चौकशी करतां असें आढळलें कीं, मुलगा अगदींच खोटें बोलत नव्हता. खेळांतील रणभूमि आणि वास्तुविशारदाचें त्रिमितीय घर, या दोहोंचें चित्र एकाच चिपकडून रंगविलें जातें. जें यंत्र एकास पुरें पडतें, तें बहुधा दुसऱ्यासही पुरतें.

माझ्या मनांतली धाकधूक निराळीच होती. चार वर्षांपूर्वीं त्याच्या थोरल्या बहिणीस मीं असेंच एक यंत्र घेऊन दिलें होतें. दुकानांत जें पुढें ठेवलें तें उचललें. झांकणावरील चिकटपट्टी झळझळीत होती, तेवढ्यानें माझें समाधान झालें. तें यंत्र चित्रांचें ओझें घेतलें कीं बसकण मारी. परीक्षेच्या वेळीं ती मुलगी मैत्रिणीच्या घरीं जाऊन रात्रीच्या रात्री काम करीत असे. पैसे माझे गेले, झोंप तिची गेली. आणि ती मला एका शब्दानेंही बोलली नाहीं. म्हणून या खेपेस दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं अभ्यास करावयाचा, असें मीं ठरविलें.

या यंत्राचा प्राण म्हणजे ग्राफिक्स चिप. तिच्या नांवांतच पहिली फसगत आहे. ‘आरटीएक्स ४०७०’ हें नांव घ्या. यांतील ४० हा पिढीचा अंक आणि ७० हा पायरीचा. परंतु टेबलावरच्या मोठ्या संगणकांत बसणारी ४०७० आणि लॅपटॉपमधील ४०७० या एक नव्हेत. पहिलींत गणित करणारे ५८८८ गाभे व १२ जीबी स्वतंत्र स्मृति. दुसरींत ४६०८ गाभे व ८ जीबी स्मृति. नांव मात्र तेंच. आमच्या शाळेंत एका नांवाचीं दोन मुलें असत, तेव्हां हजेरींत निदान वडिलांचें नांव तरी लिहीत असूं!

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. एकच चिप असली तरी तिला वीज किती पाजावयाची, हें लॅपटॉप बनविणारा ठरवितो. लॅपटॉपमधील ४०६० ला ३५ वॅटांपासून ११५ वॅटांपर्यंत कोणतीही मर्यादा घालतां येते. एकाच आखाड्यांतले दोन पैलवान, एकास पोटभर खुराक आणि दुसरा अर्धपोटीं, असा हा प्रकार आहे. अंग बारीक व दिसावयास देखणें असें यंत्र बहुधा अर्धपोटींच असतें. कारण वीज अधिक दिली कीं उष्णता अधिक, आणि ती बाहेर काढावयास पंखे व तांबें यांना जागा लागते. पूर्वीं कमी विजेवर चालणाऱ्या चिपच्या नांवापुढें ‘मॅक्स-क्यू’ असें उपपद असे. २०२१ पासून एनव्हिडियानें तें नांवांतून गाळलें, आणि साध्या गिऱ्हाइकाची ती खूणही गेली. आतां कंपनीच्या तपशिलाच्या तक्त्यांत बारीक अक्षरांत दिलेला वॅटांचा आंकडा शोधणें, एवढाच मार्ग उरतो. मीं तो आंकडा दुकानांत विचारला, तेव्हां तेथील तरुणानें आधीं माझ्याकडे आणि मग नातवाकडे पाहिलें.

प्रोसेसरच्या नांवांतही असेंच कोडें आहे. इंटेलच्या नांवाअखेर ‘यू’ असेल तर तो काटकसरीचा. ‘एच’ किंवा ‘एचएक्स’ असेल तर जोरकस. एएमडीच्या ‘रायझन’ प्रोसेसरांचा ७००० चा वर्ग पाहतांना तिसऱ्या अंकावर बोट ठेवावें. ७८४० मध्यें तिसरा अंक ४, म्हणजे बांधणी चौथ्या पिढीची. ७७३५ मध्यें तो ३, म्हणजे तिसऱ्या पिढीची. आणि ७५२० मध्यें २, म्हणजे त्याहूनही जुनी. पहिला ७ हा अंक केवळ कोणत्या सालच्या मालिकेंतला माल तें सांगतो. जुनी बांधणी टाकाऊ असते असें नव्हे. स्वस्त मिळाली तर खुशाल घ्यावी, पण नव्याचें मोल देऊन घेऊं नये.

रॅमविषयीं थोडक्यांत सांगतों. १६ जीबीहून कमी घेऊं नये, आणि ती एका पट्टींत न घेतां ८-८ च्या दोन पट्ट्यांत घ्यावी. म्हणजे माहितीची ये-जा दोन दरवाजांनीं होते. थोरल्या नातीच्या यंत्रांत ८ जीबीची एकच पट्टी होती, आणि ती पाट्यावर डाक देऊन कायमची बसविलेली. रोग कळला तरी औषध चालेना. तेव्हां रॅम बदलतां येते काय, हा प्रश्न सर्वांआधीं विचारावा. कंपनीकडून जुळवणी करून घेतांना रॅम कमी घ्यावी व पुढें बाजारांतून स्वस्तांत वाढवावी, असा सल्ला जाणते लोक आजवर देत आले. परंतु २०२५ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कारखान्यांनीं स्मृतीच्या चिपा ओढून घेतल्या आणि रॅमचे भाव भडकले. आतां हा हिशेब दर वेळीं नव्यानें मांडावा लागतो. साठवणीची गोष्ट त्या मानानें सोपी. एकेक मोठा खेळ १०० जीबीहून अधिक जागा खातो, म्हणून ५१२ जीबी घेतली तर दुसरी पट्टी बसविण्यास रिकामा खांचा आहे ना, एवढें पाहावें.

आमच्या घरांत खरी खडाजंगी झाली ती पडद्यावरून. ठेवीच्या रकमेंत दोन जोड्या बसत होत्या. एक, ४०७० ची चिप आणि साधा पडदा. दुसरी, ४०६० ची चिप, पण ११५ वॅटांची, आणि उत्तम पडदा. ५० क्रमांकाची नवी पिढी आली होती, पण ती आमच्या आवांक्याबाहेर होती. नातवाच्या मित्राकडे ४०७० होती. तेव्हां त्याचें मन कोठें गुंतलें होतें तें सांगावयास नको. मीं पाटी घेतली. पुष्कळ स्वस्त पडद्यांच्या तपशिलांत ‘४५ टक्के एनटीएससी’ असें लिहिलेलें असतें. अशा पडद्यावर तांबडा रंग विटकरीसारखा दिसतो. आणि ज्याला पुढें विटा व रंग यांचेंच काम करावयाचें, त्यानें रंग न ओळखणारा पडदा कसा घ्यावा? शिवाय दोन्हीं चिपांची स्मृति ८ जीबीच. त्यानें उत्तर दिलें, “आजोबा, मोठ्या पडद्याला चिपही मोठी लागते.” त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. १९२० गुणिले १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. २५६० गुणिले १६०० म्हणजे ४० लाख ९६ हजार, जवळजवळ दुप्पट. परंतु खेळ कमी ठिपक्यांवर चालवितां येतो; पडद्याचे मेलेले रंग मात्र पुन्हां जिवंत करतां येत नाहींत. मीं आग्रह धरला नाहीं. पैसे माझे असले तरी डोळे त्याचे. रात्रभर विचार कर, असें म्हणून मीं पाटी पुसली.

बॅटरीबद्दल मात्र कोणीं आशा बाळगूं नये. विमानांत विनापरवानगी १०० वॅट-तासांहून मोठी बॅटरी नेतां येत नाहीं, म्हणून कंपन्या त्या आंतच राहतात. ८० वॅट-तासांच्या बॅटरीवर १६० वॅट खाणारा खेळ अर्धा तास चालेल, हें त्रैराशिक पांचवींतला मुलगाही सोडवील. म्हणून चार्जर काढतांच हीं यंत्रें स्वतःच आपला वेग कमी करतात. चार्जर विटेएवढा असतो, त्याचेंही वजन पाठीवर येतें. आणि नागपूरच्या मे महिन्यांत गादीवर ठेवून यंत्र चालविलें, तर पंख्यांना श्वास घ्यावयासही जागा मिळणार नाहीं. वसतिगृहांतील खोलींत लांकडी मेज आहे काय, हें मीं पत्र घालून विचारलें, त्याला घरांतलीं सर्व माणसें हंसलीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं नातवानें ४०६० आणि चांगला पडदा यांची मागणी नोंदविली. ८-८ च्या दोन पट्ट्या, एक रिकामा खांचा, आणि नागपुरांत घरीं येऊन दुरुस्ती करण्याची तीन वर्षांची हमी. रंगीबेरंगी दिवे लुकलुकणारा कीबोर्ड त्यानें आपण होऊन काढून टाकला व ते पैसे हमीकडे वळविले.

पेटी आली तेव्हां ती उघडतांना थोरल्या बहिणीनें फोनवर चित्रण केलें. कांहीं मोडलेलें निघाल्यास पुरावा असावा, ही सूचना तिचीच. पडदा एकेका रंगानें भरून मेलेला ठिपका कोठें आहे काय, तें तिनें पाहिलें. दोन्हीं पट्ट्या जागेवर असल्याची खात्री केली. मग यंत्र भावाच्या हातीं दिलें. त्यानें पहिल्यानें जें उघडलें तें कांहीं नकाशांचें नव्हतें. मीं चष्मा काढून ठेवला आणि तिघांचा चहा टाकावयास उठलों.