मनाचा आजार, कार्डाचे कर्ज आणि घरातील माणसे

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला व्यापारातील पत या विषयावर बोलण्याची सूचना केली होती. त्यांच्या अनुमतीने मी तो विषय किंचित वळविला आहे. पत कशी कमवावी हे सांगणारे माझ्याहून ज्येष्ठ या सभागृहात पुष्कळ आहेत. परंतु ज्याचे मन आजारी आहे अशा माणसाच्या हाती पत आयती येऊन पडते, तेव्हा त्याच्या घरावर काय प्रसंग ओढवतो, याविषयी आपल्या समाजात कोणी उघडपणे बोलत नाही. गेल्या काही वर्षांत अशी तीन-चार घरे माझ्या पाहण्यात आली. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि हिशेबाची आवड, एवढ्याच कारणाने त्यांनी आपले कागद माझ्यासमोर ठेवले. मी वैद्य नाही, वकीलही नाही. त्यामुळे जे पाहिले आणि जे पडताळून घेतले तेवढेच सांगतो.

मनाच्या आजारांचा पैशाशी फार जवळचा संबंध असतो. द्विध्रुवी विकारात, म्हणजे ज्याला डॉक्टर बायपोलर म्हणतात त्यात, उन्मादाच्या काळात रुग्णाला झोप नकोशी होते, बोलणे वाढते, मोठमोठे बेत सुचतात आणि हात सैल सुटतो. तो हे चैनीसाठी करतो असे नाही. दुसऱ्यांना भेटी देतो, देणग्या देतो, न मागता लोकांची बिले भरतो. मग नैराश्याचा काळ येतो. तेव्हा तोच माणूस बँकेचे पाकीट फोडत नाही, फोन उचलत नाही, आणि दंडावर दंड चढत जातो. घरचे लोक पहिल्या काळाला उधळपट्टी म्हणतात, दुसऱ्याला आळस. बंगळूरच्या निमहान्स संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दर शंभर प्रौढांमागे सुमारे दहा जणांना कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला, आणि त्यांतील बहुसंख्यांपर्यंत उपचार पोहोचले नव्हते. या सभागृहातील खुर्च्या मोजल्या तर याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

आता कार्डाचा हिशेब. आपल्या दुकानात उधारी देताना आपण गिऱ्हाइकाचा चेहरा पाहतो. नेहमीचा माणूस एकाएकी दहा तागे मागू लागला, तर "शेठ, घरी सर्व ठीक आहे ना?" असे विचारतो. कार्डाला असा डोळा नाही. एक लाख रुपये थकले आणि व्याज महिना साडेतीन टक्के असेल, तर महिन्याचे व्याज 3,500 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 630, एकूण 4,130. किमान देय रक्कम पाच टक्के, म्हणजे 5,000 रुपये, इमानाने भरली तरी मुद्दलातून फिटले केवळ 870. शिवाय बाकी थकलेली असताना नव्या खरेदीवर बिनव्याजी मुदत मिळत नाही, आणि कार्डावर रोकड उचलली तर व्याज त्याच दिवसापासून सुरू होते. "मी दर महिन्याला भरतोच आहे" असे म्हणणारा मुलगा खोटे बोलत नसतो. त्याचे भरलेले कुठे जाते, हे त्याला कोणी मांडून दाखविलेले नसते. व्याजाच्या या दरांविरुद्ध न्यायालयाचा आधार मिळेल अशी आशाही आता धरू नये. तीस टक्क्यांवरील व्याज ही अनुचित प्रथा आहे असा राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये दिलेला निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये रद्द केला.

एका घराची हकिगत सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. मुलगा तिशीच्या आतला, एका कार्यालयात हिशेबाचे काम करणारा, पगार 38,000. चार कार्डे मिळून देणे 4,80,000, आणि मोबाईलवरील ॲपचे कर्ज 40,000. व्याज आणि कर धरून कार्डांचाच महिना सुमारे वीस हजारांचा. सहा महिने कोणाला पत्ता नव्हता. एके दिवशी वसुलीचा फोन वडिलांच्या दुकानात, दिवाणजींच्या हाती लागला. त्याच सुमारास धाकट्या बहिणीच्या सोयरिकीची बोलणी चालू होती. वडील कागदांची पिशवी घेऊन आले तेव्हा त्यांचे ठरलेच होते: उद्या सकाळी सगळे फेडून टाकायचे आणि विषय मिटवायचा. आईने पाटल्या काढून डब्यात ठेवल्या होत्या.

मी त्यांना आठ दिवस थांबायला सांगितले. मुलाचे औषध सुरू झालेले नव्हते, तो अद्याप रात्र-रात्र जागत होता. अशा वेळी थकबाकी भरली की कार्डाची मर्यादा पुन्हा मोकळी होते, आणि आजार ती पुन्हा भरून काढतो. पाटल्या जातात, कर्ज राहते. आधी डॉक्टर, मग नळ बंद करणे, आणि मग साठलेले पाणी उपसणे, हाच क्रम.

नळ बंद करण्याची सोय आहे. ऑक्टोबर 2020 पासून प्रत्येक कार्डावर ऑनलाईन, परदेशी आणि स्पर्शविरहित व्यवहार स्वतंत्रपणे बंद ठेवण्याची व मर्यादा कमी करण्याची सुविधा धारकाला द्यावी लागते. रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये केलेल्या नियमांनुसार धारकाच्या स्पष्ट संमतीविना मर्यादा वाढविता येत नाही, न मागितलेले कार्ड माथी मारता येत नाही. सर्व देणे फेडल्यावर कार्ड बंद करण्याची मागणी केली, तर ती कामाच्या सात दिवसांत पूर्ण करावी लागते. विलंब झाल्यास दर दिवसाला 500 रुपये धारकाला द्यावे लागतात. परंतु हे सारे त्या मुलाच्या हातून व्हायला हवे. वडिलांनी रागाने कार्डे कात्रीने कापून काही साधत नाही, कारण क्रमांक फोनमध्ये साठविलेला असतोच.

येथे एक नाजूक मुद्दा येतो, आणि त्यावर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे. प्रौढ माणसाचा कारभार त्याच्या परवानगीशिवाय हाती घेण्याचा अधिकार आई-वडिलांनाही नाही. बँकही खात्याची माहिती बापाला देत नाही, आणि ते योग्यच आहे. आमच्या वेळी बी.कॉम.ला व्यापारी कायद्याचा पेपर असे. भारतीय करार कायदा 1872 मधील बारावे कलम तेव्हा पाठ केले होते: जो एरवी अस्वस्थ मनाचा आहे परंतु मधून मधून स्वस्थ असतो, तो स्वस्थ असताना करार करू शकतो. परीक्षेपुरते पाठ केलेले हे वाक्य इतक्या वर्षांनी उपयोगी पडले. औषधाने मन थाऱ्यावर आले की त्या चांगल्या दिवसांत मुलाने स्वतःच्या हस्ताक्षरात बँकांना पत्रे द्यावीत: माझ्या वतीने माझ्या वडिलांशी बोलावे, माझी मर्यादा कमी करावी, मला नवी कर्जे देऊ करू नयेत. त्याने तसे केले. प्रत्येक पत्राखाली त्याची सही होती. वडिलांनी परस्पर सही करण्याची तयारी दाखविली होती, तेव्हा मुलगा एवढेच म्हणाला, "काका, पप्पांना सांगा, मी आजारी आहे, नाबालिग नाही." पिता-पुत्रांत त्या दिवसापासून बोलणे सुरू झाले.

कोणी विचारतील की मुखत्यारपत्र करून ठेवावे का. करावे, पण त्याच कायद्याच्या 201 व्या कलमानुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याचे मन अस्वस्थ झाले की मुखत्यारी संपते, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच ते लंगडे पडते. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मध्ये नामनिर्देशित प्रतिनिधीची सोय आहे, परंतु ती उपचारांच्या निर्णयांपुरती, तिजोरीसाठी नव्हे. आजार दीर्घ व तीव्र असेल तर दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 अन्वये मर्यादित पालकत्वाचा मार्ग आहे, आणि त्यासाठी जाणत्या वकिलाचाच सल्ला घ्यावा. तसेच "खर्च करताना तो आजारी होता, सबब कर्ज रद्द" असे कागदावर म्हणता आले, तरी त्या त्या दिवशी मन स्वस्थ नव्हते हे सिद्ध करण्याचा भार आपल्यावर येतो. त्या आशेवर वर्षे दवडू नयेत. डॉक्टरांच्या प्रमाणपत्राचा खरा उपयोग तडजोडीत होतो: विलंब-दंड व व्याज कमी करून मागताना, हप्ते बांधून घेताना. त्या पत्रात आजाराचा सविस्तर इतिहास नको. उपचार चालू आहेत, अमुक काळात आर्थिक निर्णयक्षमता बाधित होती, एवढे पुरते.

या मुलाचे देणे असे फिटत गेले. वडिलांच्या मुदतठेवीवर कर्ज काढले. ते ठेवीच्या दराहून एक-दोन टक्के अधिक, म्हणजे कार्डाच्या व्याजापुढे काहीच नाही. त्यातून ॲपचे कर्ज आणि 63,000 व 92,000 ची दोन लहान कार्डे पूर्ण फेडून बंद केली. सर्वांत मोठ्या बाकीचे बँकेने कमी व्याजाचे हप्ते बांधून दिले. चौथ्या कार्डावर तडजोड झाली. तडजोडीत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मान्य झालेली रक्कम आणि त्यानंतर काहीही बाकी राहणार नाही, हे बँकेच्या कागदावर लेखी आल्याखेरीज एक रुपयाही देऊ नये. फोनवरील गोड शब्दांना खतावणीत स्थान नसते. आणि तडजोडीने मिटलेले खाते सिबिलच्या अहवालात "सेटल्ड" असे दिसते, पूर्ण फेडलेल्या खात्यासारखे नाही, त्यामुळे पुढे गृहकर्ज मागताना अडचण येऊ शकते. हा अहवाल वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो. तो मागवावाच, कारण रुग्णाला स्वतःच घेतलेली सगळी कर्जे आठवत नसतात. या मुलाच्या बाबतीत ॲपचे कर्ज त्या अहवालातूनच उघडकीस आले.

वडिलांनी दिलेली रक्कम मी त्यांना वहीत मुलाच्या नावे मांडायला लावली. मुलगा दरमहा 8,000 परत करतो. काहींना हे कठोर वाटले. मला वाटत नाही. दान घेणाऱ्याची मान खाली जाते, देणे फेडणाऱ्याची जात नाही, आणि त्या मुलाला ताठ मानेची फार गरज होती.

वसुलीच्या फोनांविषयी. ऑगस्ट 2022 च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाप्रमाणे सकाळी 8 च्या आधी आणि सायंकाळी 7 नंतर असा फोन करता येत नाही. धमकावणे, चारचौघांत अपमान करणे, नातेवाइकांना व मित्रांना त्रास देणे यांस मनाई आहे. प्रत्येक फोनची तारीख, वेळ, नाव एका वहीत लिहावे. बँकेकडे लेखी तक्रार करावी. 30 दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे विनाशुल्क जाता येते. आणि हे पक्के समजून घ्यावे की जामीन राहिला नसाल तर सज्ञान मुलाच्या कार्डाचे देणे तुमच्यावर येत नाही. बहिणीवर तर मुळीच नाही. अपवाद एकच: तुमच्या कार्डावर त्याला जोडकार्ड दिले असेल, तर ते देणे तुमचेच. "घराण्याची अब्रू" हा शब्द वसुलीवाले फार जपून वापरतात, कारण आपण त्यालाच घाबरतो हे त्यांना ठाऊक असते. त्या सोयरिकीचे म्हणाल, तर वडिलांनी पाहुण्यांना स्वतःहून सर्व सांगितले. एक स्थळ गेले. दुसरे जमले.

इंग्लंड व वेल्समध्ये मे 2021 पासून अशी व्यवस्था आहे की कर्जदार मानसिक आजाराच्या तीव्र अवस्थेत उपचार घेत असेल, तर उपचाराचा तो काळ आणि वर 30 दिवस सावकारांनी वसुली थांबवायची, बहुतेक व्याज-दंडही थांबवायचे. आपल्याकडे असा कायदा नाही. म्हणून तोपर्यंत हे काम घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच करायचे आहे.

खर्चाची आणखी एक बाजू. 2017 च्या कायद्याने आरोग्य विम्यात मानसिक आजारास शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण देणे बंधनकारक केले आहे. रुग्णालयाचे बिल आले की पॉलिसी कपाटातून बाहेर काढावी. कित्येक जण संकोचाने दावाच करीत नाहीत.

त्या मुलाचे सगळे मिटले असे मी म्हणणार नाही. मोठ्या बाकीचे हप्ते अजून चालू आहेत. मागच्या हिवाळ्यात पुन्हा झोप उडाली, तेव्हा त्याने स्वतःच फोन आईच्या हाती दिला आणि डॉक्टरांकडे गेला. खर्चासाठी आता त्याच्याकडे लहान शिलकीचे एक डेबिट कार्ड असते.

कर्जाच्या ओझ्याखाली कोणी "आता जगण्यात अर्थ नाही" असे बोलू लागला, तर हिशेब बाजूला ठेवावा. त्याला एकटे सोडू नये, स्पष्ट विचारावे. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक संस्थेच्या सूचना-फलकावर लावण्याची विनंती मी विश्वस्तांना केली आहे व त्यांनी ती मान्य केली आहे.

ज्यांना कागद दाखवायचे असतील त्यांनी रविवारी सकाळी माझ्या दुकानी यावे. त्या दिवशी दुकान बंद असते. मागच्या दाराने या. सर्व कार्डांची शेवटच्या तीन महिन्यांची विवरणपत्रे आणा, आणि शक्य असेल तर ज्याचे कर्ज आहे त्यालाही सोबत आणा.