तालबंध : वेग आणि गोंगाट



आजचा विषय वाचून काहींच्या मनात आले असेल की, कामगार-चळवळीत केस पांढरे केलेल्या माणसाने विजेच्या मंडलांवर कशाला बोलावे? परंतु ज्या यंत्रावर मनुष्य राबतो त्या यंत्राच्या पोटात काय चालते हे त्याला कळले पाहिजे, असे आम्ही आजवर सांगत आलो आहोत. आज आपल्या जिल्ह्यात घरांच्या छपरांवर आणि उपकेंद्रांच्या शेजारी सौरविजेचे संच बसत आहेत. त्यांच्या पोटातील एक महत्त्वाची युक्ती तो संच बसविणाऱ्या हातांनाच पुष्कळदा ठाऊक नसते. तिला फेज-लॉक्ड लूप म्हणतात. आजच्यापुरते आपण तिला ‘तालबंध’ म्हणू.

प्रथम एका शब्दाचा घोळ दूर करू. आपण ‘फेज गेला’ म्हणतो तेव्हा आपल्या मनात तार असते. येथे फेज म्हणजे लहरीचे त्या क्षणीचे स्थान. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, म्हणजे एका आवर्तनाला २० मिलिसेकंद लागतात. त्या आवर्तनात लहर चढावर आहे, माथ्यावर आहे की उतारावर, हे सांगते ती फेज. सौर पॅनेलची वीज सरळ वाहणारी असते. इन्व्हर्टर तिची लहर घडवून वाहिनीत सोडतो. ती लहर वाहिनीतल्या लहरीशी पावलाला पाऊल जुळवूनच शिरली पाहिजे.

हे जुळते कसे? शेगावहून पंढरपूरला जाणारी श्रींची पालखी आपण सर्वांनी पाहिली आहे. मागून येऊन दिंडीत शिरणारा टाळकरी काय करतो? मृदंग ऐकून आपला टाळ पुढे पडतो की मागे, हे ताडतो. एखाद्या चुकार ठोक्याने न गडबडता दोनचार ठोक्यांचा अंदाज घेतो. आणि मग हात जलद किंवा संथ करतो. तालबंधाची अंगेही हीच तीन : तुलना करणारा, गाळणी, आणि ज्याची गती कमीजास्त करता येते असा आंदोलक. आंदोलकाची लहर फिरून तुलनेसाठी परत येते, म्हणून हे वलय. फ्रान्समधील आंरी द बेलसीझ यांनी १९३२ साली रेडिओसाठी अशा मंडलाची मांडणी प्रसिद्ध केली. पुढे ते एका लहानशा चिपवर मावू लागले, आणि आज आपल्या प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलमध्ये ते आहे.

आता खरी अडचण पाहू. टाळकऱ्याने ताल लवकर पकडावा, ही एक अपेक्षा. इकडच्या-तिकडच्या आवाजाने त्याचा हात हलू नये, ही दुसरी. या दोहोंचे सहसा पटत नाही. जो प्रत्येक ठोक्याला तत्काळ मान देतो, तो लवकर जुळतो पण चुकीच्या ठोक्यामागेही धावतो. जो दहा ठोके ऐकून मग हात हलवतो, तो शांत राहतो पण ताल खरोखर बदलला तरी उशिरा जागा होतो. तालबंधाची ही तत्परता त्याच्या पट्ट्याच्या रुंदीने मोजतात. पट्टा दहापट रुंद केला तर स्थिरावण्याचा वेळ ढोबळ मानाने दहापट घटतो, परंतु बाहेरचा गोंगाट आत येण्याचा दरवाजाही तितकाच मोठा होतो. शिवाय सुधारणा फार जोराची झाली तर झोके बसत राहतात आणि फार भीतभीत झाली तर जुळणी रेंगाळते. त्या दोहोंमधला बेताचा लगाम साधावा लागतो.

रेडिओच्या कामात यावर तीन तोडगे निघाले, आणि तिन्ही विचार करण्याजोगे आहेत.

पहिला असा की, पट्टा कायम एकच ठेवू नये. वाहिनी बदलताना तो रुंद करावा आणि ताल जुळताच अरुंद करावा. चढावर एक गिअर आणि सपाटीवर दुसरा, तसे. दुसरा तोडगा हिशेबाचा. सेकंदाला १० कोटी आवर्तनांची लहर एक लाखाच्या मूळ लहरीवरून सांभाळायची तर तिला १,००० ने भागून तुलना करावी लागते आणि मूळ लहरीतला दोषही १,००० पटींनी वाढून बाहेर पडतो. तुलनाच एक कोटीवर केली तर भाजक १० वर येतो. अधल्यामधल्या वाहिन्यांसाठी मग भाजक अपूर्णांकात ठेवण्याची कसरत करावी लागते आणि जलद चालणाऱ्या तुलनायंत्राचा स्वतःचा गोंगाट काहीसा वाढतो. तरी एकूण हिशेब बऱ्याच फायद्याचा ठरतो. तिसरा तोडगा गोंगाट कोणाचा ते ओळखण्याचा. मूळ लहरीचा गोंगाट अरुंद पट्ट्याने अडतो, पण आंदोलकाच्या स्वतःच्या थरथरीला रुंद पट्टाच आवरतो. म्हणून ‘जितके संथ तितके शांत’ हेही पुरते खरे नाही. दोन्ही गोंगाट जेथे समतोल होतात तेथे पट्टा ठेवावा.

शांततेला सर्वाधिक मोल जेथे आहे असे ठिकाण आपल्याच राज्यात आहे. जुन्नर तालुक्यात खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या प्रचंड दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. केंद्रातून निघालेल्या एकाच मूळ लहरीशी सर्व तबकड्यांचे आंदोलक बांधलेले असतात. तेथे आंदोलक थरथरू लागला तर आकाशातून येणारा क्षीण संदेश त्या थरथरीतच हरवेल.

इन्व्हर्टरला मात्र वेग आणि शांतता दोन्ही हवीत, आणि आमचे म्हणणे येथून सुरू होते. खामगाव-मलकापूरकडे जिनिंगची मोठी मोटर सुरू होताना दिवा क्षणभर मिणमिणतो. तो दाबातला खळगा. तीन फेजांवरचा भार सारखा नसला की तालबंधाच्या तुलनेत सेकंदाला १०० वेळा होणारी थरथर उमटते. ती घालविण्यासाठी सर्वच तालबंध संथ करणे हा आळशी उपाय होय. ही थरथर ओळखीची आहे, तिची गती ठाऊक आहे. म्हणून दर १० मिलिसेकंदांची सरासरी घेतली तर तिचे चढउतार एकमेकांना खाऊन टाकतात आणि उशीर होतो तो सुमारे ५ मिलिसेकंदांचा. ओळखीचा गोंगाट नेमका वेचून काढावा. अनोळखी गोंगाटापुरताच धीर खर्च करावा. सगळ्या विषयाचे सार आम्हाला यात दिसते.

धीर सुटला की काय होते? १६ ऑगस्ट २०१६ रोजी दक्षिण कॅलिफोर्नियात ब्लू कट नावाच्या वणव्यामुळे उच्चदाबाच्या तारांवर बिघाड होत होते. त्यांतील एका बिघाडासरशी सुमारे १,२०० मेगावॉट सौरवीज एकाएकी नाहीशी झाली. चौकशीत आढळले की, त्यांतील सुमारे ७०० मेगावॉट केवळ चुकीच्या वाचनाने गेली. तेथील वीज ६० आवर्तनांची. बिघाडामुळे लहरीने उडी घेतली, आणि घाईने मोजणाऱ्या इन्व्हर्टरांना आवर्तने ५७ च्या खाली गेल्यासारखी दिसली. ते तत्क्षणी बंद पडले. वस्तुतः आवर्तने ५९.८ च्याही खाली गेली नव्हती! वाचन स्थिरावण्यापूर्वी निर्णय घेऊ नये, हा धडा त्यातून मिळाला.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. लांब वाहिनीच्या शेवटच्या टोकाला इन्व्हर्टर जो प्रवाह सोडतो, त्यानेच तेथील लहर हलते. आणि तीच लहर ऐकून तो आपली पावले ठरवतो. अशा ठिकाणी तालबंध फार तत्पर ठेवला तर इन्व्हर्टर स्वतःच्याच प्रतिध्वनीमागे धावून डळमळू लागतो. उपकेंद्राजवळ जी तत्परता गुण ठरते, ती टोकाच्या गावात दोष ठरू शकते.

पूर्वी ही जबाबदारी लोखंड वाहत असे. पारस किंवा कोराडीच्या जनित्राचे टनावारी वजनाचे चक्र एका क्षणाच्या गोंगाटाने हलत नाही. त्याचे वजन हाच त्याचा धीर. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेची यंत्रणा उर्वरित देशाशी एका तालात आली, तेव्हा तो ताल मुख्यतः अशा चक्रांनीच धरला होता. इन्व्हर्टरला असे वजन नाही. त्याचा धीर म्हणजे आज्ञावलीत लिहिलेले काही आकडे. ते आकडे कारखान्यात ठरतात, आणि बिघाडाच्या दिवशी चिखलात उभा राहतो तो आपला वायरमन. त्याच्या हाती असते एकच सूचना : कार्ड बदला.

म्हणून आमच्या मागण्या दोनच आहेत. संच वाहिनीशी जोडताना तालबंधाचे आकडे नोंदवहीत लिहिले जावेत आणि ते त्या वाहिनीसाठी का निवडले, हेही लिहिले जावे. दुसरी मागणी अशी की, आयटीआयच्या मुलाला कार्ड बदलण्याबरोबर हे वलय शिकवावे. त्याला लागणारे गणित अवघड नाही. आम्ही ते शाळा सुटल्यावर कित्येक वर्षांनी, पुस्तके मागून आणून शिकलो. ज्याला टाळ धरता येतो, त्याला त्यामागचा विचार नक्कीच कळेल.