पगार नसलेला हंगाम



मागे आम्ही मुलींच्या खेळांवर बोललो, तेव्हा कुस्ती आणि खो-खोच्या गप्पांमध्ये ओझरतं एक नाव आलं होतं, गोल्फ खेळणारी अदिती अशोक. त्यावर आपल्या एका ताईंनी विचारलं, "ती पोरगी वर्षभर परदेशात असते म्हणे. तिला पगार किती?"

पगार नाही, ताई. महिन्याच्या महिन्याला हातात पडेल असं काहीच नाही. मग घर कसं चालतं, विमानाचं तिकीट कोण काढतं, आणि दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारी आली की ती बॅग भरून कशाच्या भरवशावर निघते, हे आज सांगायचं आहे.

गोल्फ थोडक्यात असा. मोठ्या हिरव्या मैदानात अठरा लहान खड्डे असतात. काठीनं चेंडू मारत मारत एकेका खड्ड्यात घालायचा. ज्याचे फटके कमी, तो पुढे. एक फेरी म्हणजे चार-पाच तास आणि आठ-दहा किलोमीटर चाल. मोठ्या स्पर्धेत अशा तीन किंवा चार फेऱ्या, रोज एक. पिशवीत जास्तीत जास्त चौदा काठ्या ठेवता येतात आणि ती पिशवी उचलून बरोबर चालणाऱ्या माणसाला कॅडी म्हणतात. (एवढ्या हिरवळीला पाणी किती लागत असेल, हा प्रश्न टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या गावांत कुणाच्याही मनात येईल. आमच्याही आला. तो रास्त आहे आणि त्यावर वेगळं बोलायला हवं. आज मात्र त्या हिरवळीवर पोट भरणाऱ्या मुलीबद्दल.)

अदिती बेंगळुरूची, जन्म १९९८ चा. आईवडील गोल्फ खेळणारे नव्हते. गोल्फच्या मैदानाजवळच्या हॉटेलात हे कुटुंब नाश्त्याला जायचं आणि पाच वर्षांच्या पोरीला तिथला खेळ दिसायचा. तिनं हट्ट धरला, वडिलांनी मनावर घेतलं आणि पुढे वडीलच तिचे कॅडी झाले. डिसेंबर २०१५ मध्ये, सतरा वर्षांची असताना, ती मोरोक्कोतल्या माराकेशला गेली. तिथे युरोपच्या महिला टूरची पात्रता परीक्षा होती. तिला 'स्कूल' म्हणतात, पण त्या शाळेत शिकवायला कोणी नसतं. सगळे आपापलं शिकून येतात आणि गुणांऐवजी फटके मोजले जातात. ती परीक्षा तिनं पहिल्या क्रमांकानं जिंकली. जिंकणारी ती पहिली भारतीय आणि सर्वांत लहान वयाची. २०१६ सालीच तिची बारावीही झाली.

परीक्षेत मिळतं ते 'कार्ड'. कार्ड म्हणजे हंगामात खेळायचा परवाना, बाकी काही नाही. आपल्याकडे उसाच्या हंगामाला टोळी निघते तेव्हा आधी उचल मिळते आणि ती फेडायला राबावं लागतं. इथे उलट आहे. आधी सगळा खर्च आपला. विमान, व्हिसा, राहणं, जेवण, सरावाचे पैसे. कॅडी घरचा नसेल तर त्याचा आठवड्याचा मेहनताना आणि वर बक्षिसातला टक्का. हे सगळं भरून मैदानावर उभं राहायचं. बहुतेक स्पर्धांत दोन फेऱ्या झाल्या की रेघ ओढतात, तिला 'कट' म्हणतात. साधारण साठ-पासष्ट जणी रेघेच्या वर राहतात. बाकीच्यांचं शुक्रवारी संध्याकाळी सामान बांधून होतं आणि बहुतेक ठिकाणी त्यांना बक्षिसातला पैसाही मिळत नाही. एका फटक्यानं खाली राहिलात तरी तेच. आठवडा गेला, खर्च झाला, आता पुढचा देश.

म्हणून प्रायोजक लागतो. टोपीवर, बाहीवर कंपनीचं नाव दिसतं ना, ती तिची खरी बेगमी. पण प्रायोजक येतो नाव झाल्यावर. नाव होईपर्यंतची वर्षं घरच्या पैशावर जातात आणि आम्हाला वाटतं, या खेळात गरीब घरातल्या मुली कमी दिसतात त्याचं कारण हेच आहे. हुशारी सगळीकडे असते हो, पण दोन वर्षं कमाईशिवाय तगून राहण्याची सोय सगळीकडे नसते.

अदितीचं नाव लवकर झालं. २०१६ च्या नोव्हेंबरात तिनं गुरुग्रामला महिलांची इंडियन ओपन जिंकली. युरोपच्या महिला टूरवरची स्पर्धा जिंकणारी ती पहिली भारतीय. लगेच कतारमध्ये दुसरी जिंकली, पुढच्या वर्षी अबुधाबीत तिसरी. आणि मग पाच वर्षं एकही नाही.

इथे जरा थांबू या. पाच वर्षं म्हणजे पाच हंगाम. दर हंगामाला सगळ्यांचे गुण शून्यावर येतात. गेल्या वर्षीचं घासलेलं ताट यंदा कुणी वाढून देत नाही. या काळात ती अमेरिकेच्या टूरवरही खेळत होती आणि तिथे जगातल्या सगळ्यांत तगड्या मुली असतात. अदितीचा फटका काही फार लांब जाणारा नव्हता. तिचं बळ होतं शेवटच्या चार-सहा हातांवरच्या कामात, चेंडू हलकेच ढकलून खड्ड्यात घालण्यात. २०२१ मध्ये तिला कोविड झाला, अंगातली ताकद गेली, फटका आणखीच आखूड झाला. त्याच अवस्थेत ती टोकियो ऑलिम्पिकला गेली. क्रमवारीत दोनशेच्या आसपास असलेली ही मुलगी चौथी आली आणि एका फटक्यानं पदक हुकलं. आपल्या देशात पहाटे उठून लोकांनी गोल्फ पाहिला, तो त्या दिवशी. ऑलिम्पिकमध्ये बक्षिसाचे पैसे नसतात, आणि चौथ्या क्रमांकाला पदकही नसतं.

टोकियोत तिची पिशवी कोणी उचलली, माहीत आहे? तिच्या आईनं. रिओला वडील होते, टोकियोला आई. एवढं ओझं खांद्यावर घेऊन चार दिवस, जपानच्या ऑगस्टातल्या उन्हात. वर्तमानपत्रांनी याचं फार कौतुक केलं, "आईची माया" वगैरे. आम्हाला तो शब्द थोडा अपुरा वाटतो. ते काम होतं, अंगमेहनतीचं आणि जाणतेपणाचं. कुठे बोलायचं आणि कुठे गप्प राहायचं, पाणी कधी द्यायचं, पोरीचा चेहरा पडला तर काय करायचं. बायका असलं काम आयुष्यभर करतात आणि त्याला माया म्हणून बाजूला ठेवलं जातं. तिथे निदान त्या कामाला कॅडी असं नाव तरी होतं.

टोकियोनंतर अदितीनं अंगात ताकद आणायला, फटका लांबवायला मेहनत घेतली. मग आला २०२३ चा हंगाम. युरोपच्या टूरची पहिली स्पर्धा होती केनियात, मोंबासाच्या उत्तरेला विपिंगो इथे, समुद्रकाठी. फेब्रुवारीचा पहिला आठवडा. ती जिंकली, तीही दुसऱ्या क्रमांकापेक्षा नऊ फटक्यांनी पुढे राहून. एका-एका फटक्यावर जिथे चूल पेटते किंवा विझते, तिथे नऊ! त्याच महिन्यात सौदी अरेबियात ती दुसरी आली, न्यूझीलंडच्या लिडिया कोच्या मागे. एप्रिलमध्ये लॉस एंजेलिसला जादा खेळापर्यंत पोचून हरली. आणि नोव्हेंबरात हंगामाची शेवटची स्पर्धा स्पेनमध्ये झाली, ती पुन्हा जिंकली. पाच वर्षं वाट पाहिली आणि एकाच वर्षी हंगामाचं दार उघडलंही तिनं, लावलंही तिनं.

याच रस्त्यावर आणखी एक मुलगी आहे, हरियाणाची दीक्षा डागर. तिला जन्मापासून ऐकू कमी येतं, लहानपणापासून यंत्र लावते. डावखुरी आहे. वडील सैन्यातले, तेच तिची पिशवी उचलत. २०१९ मध्ये, अठरा वर्षांची असताना, व्यावसायिक म्हणून पहिल्याच हंगामात तिनं दक्षिण आफ्रिकेतली स्पर्धा जिंकली. २०२३ मध्ये चेक प्रजासत्ताकात दुसरी. मूकबधिरांच्या ऑलिम्पिकमध्ये तिचं रौप्यही आहे, सुवर्णही, आणि ती टोकियोच्या ऑलिम्पिकलाही खेळली. विमानतळावरच्या घोषणा, अनोळखी भाषा, हॉटेलातली चौकशी, हे सगळं ज्यांना नीट ऐकू येतं त्यांनाही जड जातं. तिनं ते कमी ऐकू येत असताना पार पाडलं, दर आठवड्याला नव्या देशात.

तर ताई, पगाराचं उत्तर असं आहे. घरात मुलं मोबाईल धरून बसलेली असतात, त्यांना सांगा या दोघींचे निकाल दाखवायला. आकडा वाचायचा कसा तेही सांगतो. नावापुढे उणे चिन्ह दिसलं तर चांगलं, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा कमी लागले. अधिक दिसलं तर जास्त लागले. आणि शुक्रवारी संध्याकाळी आधी ती रेघ शोधा. नाव रेघेच्या वर असेल तर त्या आठवड्याचा खर्च थोडाफार तरी निघाला असं समजा.